बबडीची न धुतलेली बाटली

स्फटिक दिसले तेव्हा मी किंचाळले. हळूच, सभ्यपणे वगैरे नाही, चांगली घसा फाडून किंचाळले. शेजारच्या प्रयोगशाळेतले दोघं आग विझवायचं नळकांडं घेऊन धावत आले. मी त्यांच्यासमोर फ्लास्क नाचवला. तळाशी पांढऱ्या सुयांचा एक चिमुकला झुपका उभा होता.

"एवढंच?" त्यातला एक म्हणाला, आणि नळकांडं काखेत मारून दोघं परत गेले.

एवढंच! त्यांच्या बापाचं काय जात होतं म्हणायला. त्या झुपक्यासाठी मी उमेद, डोळे आणि सांधे खर्च केले होते. माझ्याबरोबरच्या बायका विभागप्रमुख झाल्या, त्यांच्या सुना आल्या, नातवंडं झाली, आणि मी आपली एका रेणूच्या मागे हात धुऊन लागलेली. नवरा ओळख करून देताना सांगायचा, "ही माझी बायको. हिचं एका अल्कलॉइडशी लफडं आहे." त्यात खोटं काहीच नव्हतं.

अल्कलॉइड म्हणजे झाडाझुडपांच्या अंगातला कडू, औषधी नाहीतर विषारी पदार्थ. चहातलं कॅफीन, अफूतलं मॉर्फीन ही सगळी त्याच खानदानातली. माझा रेणू एका वेलीच्या मुळातला. तो शोधला माझ्या सरांनी, मी शाळेत होते तेव्हा. आतड्याचा स्नायू पिळवटून आखडला की हा पदार्थ त्याला मोकळा करतो, असं त्यांना दिसलं. पोटात कळ उठून माणूस गडबडा लोळतो, त्या कळीवरचं औषध यातून निघेल असं त्यांनी जाहीर केलं. मोठ्या मनाने त्यांनी आपले स्फटिक मागेल त्याला पाठवले. दोन मोठ्या प्रयोगशाळांनी ते तपासून पाहिले आणि कळवलं की याने काहीही होत नाही. अगदी काहीही नाही.

मग एका परिषदेत कोणीतरी उठून विचारलं, "हे निष्कर्ष प्रयोगशाळेत मिळाले, की घरी आरामखुर्चीत?" सभागृह हसलं. सरांनी त्यानंतर संशोधन सोडलं आणि निवृत्त होईपर्यंत पहिल्या वर्षाच्या पोरांना आम्ल आणि अल्कली शिकवत राहिले. वेल जिथे वाढायची तिथे पुढे धरण झालं आणि वेलही बुडाली. उरली ती सरांकडची एक छोटी कुपी, तळाशी चिमूटभर पांढरी पूड. मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. मला ती कुपी देताना ते म्हणाले होते, "ठेव. मला बघवत नाही."

त्या दिवसापासून माझा एकच हट्ट. वेल नाही ना, मग रेणू आपण बनवायचा. अणूला अणू जोडून, शून्यापासून. आणि भल्याभल्यांना दाखवून द्यायचं की माझे सर खोटारडे नव्हते. आता सरांनी पंच्याऐंशी ओलांडली होती, त्यामुळे दाखवायचं ते लवकर दाखवायला हवं होतं.

सुया वाळवल्या, वितळवून पाहिल्या. मग त्यातला एक कण आणि सरांच्या कुपीतला एक कण एकत्र घोटून वितळवला. दोन पदार्थ वेगळे असले तर मिश्रण आधीच पाघळतं. हे पाघळलं नाही. जिथे वितळायला हवं तिथेच, एकदम, टपकन वितळलं. माझे स्फटिक आणि सरांचे स्फटिक एकच होते. मी तिथल्या तिथे फोन लावला.

"सर, आले!"

"कोण आले?"

"अहो, स्फटिक! तुमच्या नमुन्यात मिसळून पाहिले. एकच आहेत. तंतोतंत!"

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "छान केलंस. पण पोरी, फार आशा लावून बसू नकोस."

मला रागच आला. आयुष्यभर ज्या माणसासाठी झिजले, त्याने असं पाणी ओतावं? "ते काही नाही," मी म्हटलं, "उद्या सकाळी गाडी पाठवते. तुम्ही यायचं, समोर बसायचं आणि डोळ्यांनी बघायचं."

आता डोळ्यांनी बघायला दाखवणारं कोणी हवं. ती माझी नणंद. घरात तिला अजून बबडी म्हणतात, आणि ही बबडी औषधशास्त्र विभागाची प्रमुख आहे. तिला बघून मोठमोठे डॉक्टर खुर्ची सोडून उभे राहतात. लग्नात ती माझ्या वाट्याला आली तेव्हा दोन वेण्या घालून बेडकं पकडत होती. आता तिची प्रयोगशाळा आणि माझी प्रयोगशाळा एकाच व्हरांड्याच्या दोन टोकांना आहेत, आणि दोन जगांइतक्या वेगळ्या. माझ्याकडे काच अशी चमकते की टेबलावर फ्लास्क आहे हे हात लागल्यावर कळावं. काम झालं की ॲसिटोन, मग पाणी, मग पुन्हा ॲसिटोन. त्याशिवाय मला घरी जाववत नाही. बबडीकडे मात्र वापरलेल्या कुप्या, पेनं, चहाचे कप, दोरे, चिमटे आणि अर्धवट खाल्लेली बिस्किटं गुण्यागोविंदाने नांदत असतात. मी तिथे गेले की हात पाठीमागे बांधून उभी राहते.

"वहिनी, खरंच?" बातमी ऐकून तिने मला गच्च मिठी मारली आणि माझ्या कोटाला कसला तरी डाग लावला. "आण इकडे. आजच आतड्याच्या पट्टीवर एक चाचणी करून टाकू."

"आज कशाला? उद्या सरांसमोर कर की."

"आणि उद्या मशीनने दगा दिला तर? म्हातारा माणूस येणार. आधी एकदा करून बघायला नको? थोडेसे स्फटिक दे."

थोडेसे! सोनाराकडे जाऊन कोणी थोडंसं सोनं मागतं का? माझे स्फटिक सुपारीच्या खांडाएवढेही नव्हते. माझा चिक्कूपणा घरादारात प्रसिद्ध आहे. मी म्हटलं, "बरं, पाठवते," आणि परत येऊन विचार करत बसले.

स्फटिक गाळून घेतले की खाली द्रव उरतो. तो आटवला की राहतो चिकट, मधाच्या रंगाचा डिंक. रसायनशास्त्रात या डिंकाला काडीची किंमत नाही. जे स्फटिक झालं ते शुद्ध, जे चिकट राहिलं ते खरकटं, हे आम्हाला इतकं भिनवलेलं असतं की डिंक दिसला की हात आपोआप मोरीकडे वळतो. रेणूतले अणू कसे बसलेत ते रेघांनी दाखवणारा त्याचा आलेख मी सकाळी काढला होता खरा. स्फटिकांच्या प्रत्येक रेघेशेजारी एकेक आगंतुक रेघ होती, सावत्र भावंडांसारखी चिकटून उभी. कचरा, म्हणून मी तो बाजूला सारला होता. पण यात थोडाफार अस्सल माल विरघळलेला असणारच. रंगीत तालमीला तेवढा पुरे.

म्हणून मी त्यातला थोडा डिंक एका कुपीत घेतला, थेंबभर अल्कोहोलमध्ये विरघळवला, वर "नवीन" अशी चिठ्ठी लावली आणि बबडीकडे नेऊन दिला. तिने काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. मग परत येऊन फ्लास्क असा घासला की त्यात तोंड दिसावं.

संध्याकाळी जिन्यात ती वरून दोन-दोन पायऱ्या उतरत आली. "वहिनी! काय औषध आहे गं! पट्टी ढाराढूर झोपली!"

"झोपली?"

"अगं, अशी! घातलं आणि गप्पकन!"

मी जिन्यातच नाचायची बाकी राहिले. नुसत्या खरकट्याने एवढं केलं, तर अस्सल माल काय करेल! घरी जेवताना मी इतकी बडबडले की नवऱ्याने शेवटी माझ्या ताटातला चमचा काढून घेतला. "आधी जेव," तो म्हणाला, "तो रेणू काही पळून जात नाही."

सकाळी सर आले. इस्त्रीचा शर्ट, काठी आणि हनुवटीवर दाढी करताना झालेली बारीक जखम. बबडीने खुर्चीवरचे कागद जमिनीवर लोटून त्यांना बसवलं आणि त्यांना ओळखीचीच गोष्ट नव्याने समजावून सांगितली. गिनीपिगच्या आतड्याची बोटभर पट्टी, कोमट खारट पाण्याच्या नळीत दोऱ्याने टांगलेली, खालून हवेचे बुडबुडे. वरचा दोरा एका काट्याला बांधलेला, आणि पट्टी आखडली की पडद्यावरची रेघ वर चढते.

"आमच्या वेळी काजळी लावलेला कागद असायचा, फिरत्या ढोलावर," सर म्हणाले. "काटा त्याच्यावर ओरखडे काढायचा." त्यांचे डोळे मात्र पट्टीवर होते.

बबडीने पट्टीला आखडवणारं औषध घातलं. पट्टी आक्रसली आणि रेघ चढून वरच थांबली. मग मी माझ्या हाताने, अक्षरशः श्वास रोखून, स्फटिकांचं द्रावण तिच्या हाती दिलं. तिने ते नळीत सोडलं.

रेघ वरच राहिली.

"वेळ लागतो कधीकधी," बबडी म्हणाली.

रेघ वरच राहिली. तिने दुप्पट घातलं. पट्टी तशीच, मुठीसारखी आवळलेली. तिने पाणी बदललं, पट्टी धुतली, नवी पट्टी लावली, परत सगळं केलं. मी सरांकडे बघायचं टाळत होते. बघितलं तेव्हा ते शांत होते, आणि त्या शांतपणाने मला रडूच फुटलं.

"असू दे गं," ते म्हणाले आणि काठी धरून उठले. "मला माहीत होतं. ती पत्रं आल्यावर मीही माझे स्फटिक पुन्हा तपासले होते. काहीच झालं नाही. तेव्हाच कळलं की पहिल्या वेळी माझंच काहीतरी चुकलं असणार. मनात इतकं होतं ना की व्हावं... कदाचित हातानेच ढोलाला धक्का लागला असेल. मी कोणाला बोललो नाही, एवढंच."

इतकी वर्षं! इतकी वर्षं हा माणूस स्वतःलाच खोटारडा समजत होता, आणि मी त्यांना जगापासून वाचवायला निघाले होते.

तेवढ्यात बबडीने हातातला चिमटा टेबलावर आपटला. तिला हरायची सवय नाही. "पण काल झालं होतं! सर, काल माझ्या डोळ्यांदेखत पट्टी झोपली. याच औषधाने! वहिनी, तू बोल ना!"

मी कोटाची बटणं चाचपायला लागले.

"वहिनी?"

"काल तुला दिलं ते हे नव्हतं," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"स्फटिक वाया जातील म्हणून... खालचा डिंक दिला होता."

"मला खरकटं दिलंस?" बबडी कडाडली. "सख्ख्या नणंदेला?"

दारापाशी पोचलेले सर वळले. मी त्यांना असं वळताना कधीच पाहिलं नव्हतं, काठी हवेतच राहिली. "डिंक? कसा होता?"

"चिकट. मधाच्या रंगाचा."

"आणि वास? जुन्या चामड्यासारखा?"

मी मान हलवली. सर आले आणि खुर्चीत बसले, बसले म्हणजे जवळजवळ पडलेच. "पहिल्या वेळी माझ्याकडेही डिंकच होता," ते म्हणाले. "स्फटिक होईपर्यंत दम निघेना, म्हणून तसाच घेऊन पळालो होतो पट्टीकडे. मग नंतर तो गरम अल्कलीत घालून साफ केला, तेव्हा स्फटिक आले. सुंदर! वाटलं, घाणीने एवढं काम केलं, तर शुद्ध पदार्थ किती करेल."

"मीही तेच म्हणाले!" मी ओरडले. "जिन्यात! अगदी हेच!"

आणि मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. रसायनशास्त्रज्ञाचं डोकं असं आहे की एकदा एक डबा हलला की सगळे डबे घरंगळत येतात. गरम अल्कली. मीही शेवटची पायरी तीच केली होती, सरांची पद्धत म्हणून, डोळे मिटून. आलेखातली ती सावत्र भावंडं. रेणूच्या एका कोपऱ्यात, ऑक्सिजनच्या शेजारी, एक कार्बन आहे. त्याच्यावरचा हायड्रोजन वर असतो की खाली, एवढाच प्रश्न. अल्कलीत गरम केलं की तो वरचा खाली जातो, कारण खाली त्याला आरामशीर वाटतं. आरामात बसलेला रेणू देखणे स्फटिक देतो आणि पट्टी त्याने ढिम्म हलत नाही. अल्कलीतूनही न बदलता वर अवघडून बसलेला जो थोडा उरतो, तो कधी स्फटिक होत नाही, डिंकच राहतो. कामाचा तोच!

"आपण जिवंत रेणू मारून त्याचे सुंदर स्फटिक करत होतो," सर म्हणाले.

"आणि तो जगभर वाटत होतो," मी म्हटलं. "सर, त्या लोकांनी बरोबर तपासलं आणि तुम्हीही बरोबर तपासलं होतंत!"

"पुरावा दाखवा आणि मग नाचा," बबडी म्हणाली. "कुठंय डिंक?"

मी माझ्या प्रयोगशाळेच्या दिशेने धावले आणि व्हरांड्याच्या मध्यावर थांबले. फ्लास्क चकचकीत घासून उपडा ठेवला होता. ॲसिटोन, पाणी, ॲसिटोन. माझ्या स्वच्छतेचा मला त्या क्षणी जितका संताप आला, तितका सासूबाईंनाही कधी आला नसेल.

परत आले ती रडवेली होऊन. "धुतला," मी म्हटलं. "सगळा धुऊन टाकला."

बबडी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू असं हसू पसरलं की मला ती दोन वेण्यांची पोरगी दिसली. "मी कधी काही धुते का?"

मग जी शोधाशोध सुरू झाली! आम्ही दोघी गुडघ्यांवर, सर काठीने कागद बाजूला सारतायत. कपांमागे, पेनांच्या डब्यात, बिस्किटांच्या पुड्याखाली. माझे हात पाठीमागे बांधलेले नव्हते. मी त्या उकिरड्यात कोपरापर्यंत शिरले होते. कुपी शेवटी सापडली सरांच्याच खुर्चीखाली, जमिनीवर लोटलेल्या कागदांच्या घडीत. वर "नवीन", आत तळाला चिकटलेला मधाच्या रंगाचा थेंब.

बबडीने तो अल्कोहोलमध्ये कालवला. मग आधी नुसतं अल्कोहोल नळीत सोडलं. "उद्या कोणी म्हणायला नको, दारूने झोपली म्हणून." रेघ हलली नाही. मग तिने डिंकाच्या द्रावणातलं निम्मं सोडलं.

रेघ थरथरली. मग उतरायला लागली. सरसर नाही, दमलेला माणूस गादीवर अंग टाकतो तशी, आणि तळाला जाऊन आडवी झाली. नळीतली पट्टी सैल सुटून लोंबली.

मी किंचाळले. बबडी किंचाळली. बाहेर पळापळ ऐकू आली आणि दारात ते नळकांडंवाले दोघं उभे.

"आग नाही!" आम्ही दोघींनी एकदमच म्हटलं.

सर किंचाळले नाहीत. त्यांनी हात पुढे करून काचेच्या नळीला बोट लावलं, आणि घाईघाईने मागे घेतलं. या वेळीही आपलाच धक्का लागून तर नाही ना झालं, अशी भीती त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसली. त्यांनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.

"पोरी," ते अगदी हळू म्हणाले, "आता मी लांब बसतो. टेबलाला कोणी हात लावू नका. परत एकदा होईल का?"

बबडीने माझ्याकडे पाहिलं. तिला माझा स्वभाव माहीत होता, आणि कुपीत काय उरलंय हेही. जेमतेम एका खेपेपुरतं. त्या उरलेल्या थेंबाचा आलेख काढायचा, वजन करायचं, जपून बर्फात ठेवायचा, हेच कोणीही शहाण्या माणसाने केलं असतं. दुसरा थेंब बनवायला मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार होती, आणि या वेळी गरम अल्कलीशिवाय, नवी वाट शोधत.

सर खुर्ची मागे सरकवत होते. भिंतीला टेकेपर्यंत त्यांनी ती मागे नेली आणि हात पाठीमागे बांधून बसले.

"सगळं घाल," मी बबडीला म्हटलं. "कुपी धुऊन घाल."

तिने पट्टी धुतली, पुन्हा आखडवली, रेघ वर नेऊन थांबवली. मग कुपीत अल्कोहोल फिरवून शेवटचा कणही काढून घेतला आणि नळीत सोडला. आम्ही तिघंही टेबलापासून लांब, हात बांधून होतो. रेघ खाली उतरली, आणि सर भिंतीला डोकं टेकून मोठ्याने हसायला लागले.